पाठ टेकल्यावर

मराठीत ‘पाठ’ हे दोन वेगळे शब्द आहेत. एक स्त्रीलिंगी, ‘पृष्ठ’पासून आलेला, शरीराच्या मागच्या भागाचा, दुसरा पुल्लिंगी, ‘पठ्’ धातूपासून आलेला, वाचनाचा, धड्याचा, पाठभेदाचा. वीस वर्षे मराठीचे अध्यापन करताना माझा संबंध प्रामुख्याने दुसऱ्याशीच आला. पहिलीची आठवण व्हायची ती उत्तरपत्रिकांचे गठ्ठे तपासून उठताना. गेली चार वर्षे मात्र आठवड्यातल्या तीन संध्याकाळी मी पुण्यातल्या एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर, निळ्या मॅटवर, पाठ टेकून पडते आणि तिथून सुरुवात करते. ब्राझीलियन जिउ-जित्सू नावाची विद्या मी वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी शिकायला घेतली. ‘का?’ या प्रश्नाचे उत्तर अनेकांना अनेक प्रकारे देऊन झाले आहे. जे देता आले नाही, ते इथे लिहून पाहते आहे.

सुरुवात भाषेपासून करणे मला सोयीचे. हरण्यासाठी मराठीने जे शब्दप्रयोग घडवले त्यांतले कितीतरी आखाड्यातून आलेले आहेत. चीत होणे, चितपट करणे, पाठ लावणे, अस्मान दाखवणे, लोळवणे, धूळ चारणे. या सगळ्यांत एकच चित्र आहे: माणूस उताणा पडला आहे, त्याच्या पाठीला माती लागली आहे, वर आकाश आहे आणि गोष्ट संपली आहे. निवडणुकीच्या बातम्यांपासून साहित्यिक वादांपर्यंत हे चित्र आपण इतक्या सहजपणे वापरतो की ते चित्र आहे हेच विसरायला होते. आपल्या कुस्तीचा नियम भाषेने जगण्याचा नियम म्हणून स्वीकारला: पाठ लागली की निकाल लागला.

माझ्या घरात हा नियम भाषेच्याही आधीचा होता. आबा, म्हणजे माझे वडील, तरुणपणी कोल्हापूरच्या एका तालमीत होते. जत्रांच्या मैदानांत कुस्त्या करत. पुढे साखर कारखान्यात नोकरी लागली आणि लढणे सुटले, बोलणे राहिले. रात्री जेवताना ताटातल्या भाकरीवर हाताचे पंजे ठेवून ते ढाक आणि घिस्सा समजावून सांगत. ताक, तेल आणि हळद घालून मळलेल्या तांबड्या मातीचा वास मला ठाऊक आहे, पण तो उंबऱ्याबाहेरून. लहानपणी सकाळी दुधाची किटली घेऊन मी तालमीच्या दारापर्यंत जात असे. आत मारुती होता, आणि मुलींनी आत यायचे नव्हते. किटली कुणीतरी बाहेर येऊन घेई. त्यामुळे कुस्ती माझ्याकडे आली ती कथनाच्या रूपात: डावांची नावे, वस्तादांचे किस्से, खासबागेतल्या मैदानांची वर्णने. ती ऐकतच मी वाढले, आणि ऐकलेल्या गोष्टींचा अभ्यास हेच पुढे पोटापाण्याचे साधन झाले. 2023 मध्ये सांगलीला महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली तेव्हा आबांनी दूरदर्शन संचासमोरून न हलता कुस्त्या पाहिल्या आणि अखेरीस एवढेच म्हणाले, “पोरी चांगल्या लडत्यात.” त्यांच्या बोलण्यात मला माझ्या किटलीचा उल्लेख शोधायचा होता. तो नव्हता.

पुण्यातल्या त्या इमारतीत मी मुळात योगवर्गाला जात होते. समोरच्या दालनाचे दार उघडे असे आणि मी जाता-येता तिथे थांबून आत पाहत असे. एके दिवशी तिथल्या प्रशिक्षकांनी विचारले, “मॅडम, रोज दारात का उभ्या राहता? आत या ना.” ते माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान आहेत. मी त्यांना ‘सर’ म्हणते, ते मला ‘मॅडम’ म्हणतात, आणि अशा आदरपूर्वक संबोधनांनीच आम्ही एकमेकांचे गळे आवळण्याचा अभ्यास करतो.

पहिल्या दिवशी त्यांनी मला उताणे झोपायला सांगितले आणि वर्गातल्या एका मुलीला माझ्या पोटावर, दोन्ही बाजूंना गुडघे टेकवून, बसायला सांगितले. या अवस्थेला ‘माउंट’ म्हणतात. ती मुलगी हसरी होती, वजनानेही माझ्याइतकीच. तरीही माझा श्वास अडकला. उताणी पडलेली स्त्री आणि तिच्यावर दुसऱ्याचा भार, या चित्राचा पहिला अर्थ कोणत्याही बाईच्या मनात क्रीडाविषयक नसतो. मी “थांब” म्हणाले, आणि ती तत्काळ बाजूला झाली. ना तिने कारण विचारले, ना चेहऱ्यावर काही आणले. दोन मिनिटांनी मीच म्हटले, “पुन्हा बस.” माझा खरा प्रवेश झाला तो त्या ‘तत्काळ’मुळे, असे मला आजही वाटते.

मग सरांनी पहिली युक्ती शिकवली. पोर्तुगीजमध्ये तिला ‘उपा’ म्हणतात. वर बसलेल्या व्यक्तीचा एक हात धरून आपल्या छातीशी आवळायचा. त्याच बाजूचे तिचे पाऊल आपल्या पावलाने अडवायचे, म्हणजे त्या बाजूला तिला आधार उरत नाही. टाचा नितंबांजवळ ओढून कंबर जोराने वर उचलायची आणि त्या बाजूच्या खांद्यावरून वळायचे. टेबलाचे दोन पाय काढून टेबल उलटवावे तसे हे आहे. हाताच्या बळाने कुणाला ढकलायचे नसते. दहाव्या प्रयत्नात ती मुलगी खाली होती आणि मी वर. मला आनंद होण्याआधी आश्चर्य वाटले: जिथे सगळ्या गोष्टी संपतात असे मी ऐकत आले होते, तिथे करण्यासारखे एवढे काही होते?

तसे ते पुष्कळ आहे. या विद्येचा मोठा भाग पाठ टेकलेल्या माणसाविषयीच आहे. उताणे पडून दोन्ही पायांत प्रतिस्पर्ध्याला अडकवून ठेवण्याच्या स्थितीला ‘गार्ड’ म्हणतात आणि ती पराभवाची स्थिती मानली जात नाही. तिथून हात लॉक करता येतो, पायांच्या त्रिकोणात मान पकडता येते, वरच्याला उलथवता येते. ही कल्पना केवळ ब्राझीलची नव्हे. 1882 मध्ये तोक्योत जिगोरो कानो या शिक्षकाने कोदोकान ही संस्था काढून ज्यूदोची मांडणी केली, त्यात जमिनीवरच्या पकडी होत्याच. कोदोकानचे मित्सुयो माएदा 1914 मध्ये ब्राझीलला पोहोचले, पुढे बेलें शहरात राहिले आणि त्यांच्याकडून कार्लोस ग्रेसी शिकले. कार्लोस आणि त्यांचे धाकटे भाऊ हेलिओ यांनी जमिनीवरचे हेच काम वाढवत नेले. प्रत्येक घराणे सांगते त्याप्रमाणे ग्रेसी घराण्यानेही आपली कथा जरा उजळून सांगितली आहे; पण 1993 मध्ये डेन्व्हरला झालेल्या पहिल्या यूएफसी स्पर्धेत हेलिओंचे पुत्र रॉइस यांनी एकाच रात्री तीन प्रतिस्पर्ध्यांना शरण आणले, तेव्हा जमिनीवर उतरून लढणे म्हणजे काय, हे जगाने पाहिले.

या इतिहासातली एक गोष्ट मला सर्वांत अधिक रुचते. 1951 मध्ये रिओच्या माराकाना स्टेडियममध्ये हेलिओ ग्रेसी आणि जपानचे ज्यूदोपटू मासाहिको किमुरा यांची लढत झाली. किमुरांनी हेलिओंचा हात पाठीमागे पिरगाळला. हेलिओ शरण जाईनात; अखेर त्यांच्या बाजूने कार्लोस यांनी लढत थांबवली. त्यानंतर ब्राझीलच्या लोकांनी काय केले? ज्या पकडीने आपला माणूस हरला, तिला जिंकणाऱ्याचे नाव दिले आणि ती शिकवायला घेतली. आजही जगभरच्या वर्गांत तिला ‘किमुरा’ म्हणतात. पराभवाचे असे नामकरण करणारी परंपरा मला वाङ्मयाभ्यासातही क्वचितच भेटली. आपण आपल्या वादांत हरवणाऱ्याचे नाव घेण्याचे सहसा टाळतो.

मात्र हेलिओंचे न हटणे अनुकरणीय मानण्याची चूक मीही केली. आमच्या वर्गात एकोणीस वर्षांचा एक विद्यार्थी आहे, आमच्याच महाविद्यालयाच्या विज्ञान शाखेतला. दीड तासाच्या वर्गात आधी कंबर सरकवण्याचे व्यायाम, मग दोन युक्त्या, प्रत्येकीची दोन्ही बाजूंनी आवर्तने, आणि शेवटी पाच-पाच मिनिटांच्या खऱ्या झटापटी असा क्रम असतो. अशाच एका झटापटीत त्याने माझा हात दोन पायांमध्ये धरून सरळ करायला घेतला. अशा वेळी प्रतिस्पर्ध्याच्या अंगावर किंवा मॅटवर हाताने दोन-तीन थापा द्यायच्या असतात. म्हणजे पकड सुटते. तालमीत शड्डूचा आवाज लढत सुरू करतो. इथे थापेचा आवाज ती थांबवतो. मी थाप दिली नाही. कॉरिडॉरमध्ये मला नमस्कार करणाऱ्या मुलासमोर हार मानायची नव्हती, एवढेच कारण. कोपरात काहीतरी कचकन वाजले आणि पुढचे तीन आठवडे मला उजव्या हाताने फळ्यावर लिहिता आले नाही. तो मुलगा माझ्यापेक्षा अधिक घाबरला होता. सर म्हणाले, “मॅडम, थाप हात दुखल्यावर द्यायची नसते. हात सरळ होऊ लागला की द्यायची.”

त्या तीन आठवड्यांत डाव्या हाताने वाकडे अक्षर काढत शिकवताना मला माझीच एक सवय दिसली. एखाद्या विद्यार्थ्याने कवितेच्या माझ्या अर्थनिर्णयनावर नेमके बोट ठेवले की मी दोन-तीन समीक्षकांची नावे घेत असे. मुद्दा तसाच राही, विद्यार्थी गप्प बसे. माझा हात सरळ होऊ लागलेला असे आणि मी थाप देत नसे. वर्गात कोपर मोडत नाही. मोडते ते विचारणाऱ्याचे विचारणे, आणि त्याचा आवाज येत नाही. त्याच सुमारास एका मुलीने एका दीर्घकवितेतला माझ्या मांडणीत न बसणारा तुकडा दाखवला, तेव्हा मी प्रथमच म्हटले, “इथे माझे वाचन अडते.” वर्गात क्षणभर शांतता पसरली. मग ती मुलगी पुढे बोलू लागली. मला ते सोपे गेले असे म्हणणे खोटेपणाचे ठरेल. मॅटवर एका संध्याकाळी मी सात-आठ वेळा हरते आणि निवांत घरी जाते; वर्गातले ते एक वाक्य मला रात्री झोपेपर्यंत टोचत होते.

आबांना हे सारे उशिराच कळले. निळा पट्टा मिळाल्यावर मी कोल्हापूरला गेले तेव्हा सांगितले. पांढऱ्यानंतरचा हा पहिलाच पट्टा. पुढे जांभळा, तपकिरी आणि काळा. त्यांनी सारे लक्षपूर्वक ऐकले आणि पाठ टेकून लढण्याचा भाग आल्यावर हात झटकला. “आडवं पडून कोण लडतंय व्हय? पाठ लागली की कुस्ती संपली, बाळ.” मी गार्डचे तत्त्व समजावू लागले, ते उठून अंगणात गेले. साऱ्या आयुष्याचा नियम एका संध्याकाळी मोडून दाखवण्याचा माझा आग्रह चुकीचा होता, हे आज समजते.

गेल्या पावसाळ्यात त्यांना न्यूमोनिया झाला. तीन आठवडे रुग्णालयात काढून घरी आले ते शरीर हरवूनच. ज्या माणसाने जोर-बैठकांचे हजारांनी हिशेब ठेवले, त्याला कुशीवर वळता येईना. फिजिओथेरपिस्ट मुलगी रोज सकाळी येई आणि सांगे, “आजोबा, गुडघे वाकवा, पावले गादीवर टेकवा, कंबर वर उचला.” आबा छताकडे पाहत पडून राहत. चौथ्या दिवशी ती गेल्यावर ते मला म्हणाले, “उताण्या माणसानं काय करायचं असतं?” प्रश्न माझ्यासाठी नव्हता, पण खोलीत मीच होते.

मी त्यांच्या खाटेशेजारी फरशीवर सतरंजी टाकली आणि उताणी झाले. गुडघे वाकवले, कंबर उचलली, खांद्यावरून वळले, परत आले. ती मुलगी सांगत होती ती हालचाल आणि पहिल्या दिवशी मी शिकलेली हालचाल यांत पकडीखेरीज फारसा फरक नव्हता. मी तीन-चार वेळा करून दाखवले. आबा मान वळवून पाहत होते, आणि ते पाहणे मला परिचित होते; मैदानाच्या कडेला बसून दुसऱ्याची कुस्ती पाहतानाचे. काही वेळाने ते म्हणाले, “टाच लांब पडत्या. आत घे.”

मी टाचा आत घेतल्या. कंबर वीतभर अधिक उचलली गेली. सर मला हेच कित्येक महिने सांगत होते. मी फरशीवर, ते खाटेवर, दोघेही उताणे. आणि आयुष्यात प्रथमच ते मला कुस्तीची गोष्ट न सांगता डाव दुरुस्त करून देत होते. “आता तुम्ही,” मी म्हटले. त्यांनी डोळे मिटले. पुष्कळ वेळ काही झाले नाही. मग चादरीखाली गुडघे हलले आणि कंबर दोन बोटे वर आली, थरथरली, खाली गेली.

आपले मत त्यांनी बदलले नाही. पाठ लागली की कुस्ती संपते, असे ते अजूनही म्हणतात, आणि त्यांच्या मातीपुरते ते खरेच आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी फिजिओथेरपिस्ट मुलगी आली, तेव्हा त्यांनी गुडघे आधीच वाकवून ठेवले होते.