इटलीला जाताना कोणतं पुस्तक न्यावं

चि. मीरास,

तू आणि ताई दोघीच, टूर कंपनीशिवाय, इटलीला निघालात हे वाचून फार बरं वाटलं. मिलान, फ्लॉरेन्स आणि रोमच्या जोडीला रावेन्नाही घेतलंस, याचा तर जास्तच आनंद झाला. ‘गाइडबुक कोणतं घेऊ?’ हा तुझा प्रश्न मात्र फोनवर दोन वाक्यांत उरकण्यासारखा नाही, म्हणून पत्र लिहिते आहे.

सबंध युरोप एकाच जिल्दीत बसवलेलं पुस्तक घेऊ नकोस. त्यात पॅरिस आणि रोमला पानं मिळतात, रावेन्नासारख्या गावाच्या वाट्याला फार तर चार ओळी येतात. फक्त इटलीचं पुस्तक घे. हॉटेलांची आणि खाण्याच्या जागांची यादी पाहून तर निवडूच नकोस. ती पानं सगळ्यांत आधी शिळी होतात आणि ते काम फोनवर जास्त चांगलं होतं. पुस्तकाने सांगायचं ते निराळं: एखाद्या जागी कुठे उभं राहायचं, कशाकडे बघायचं आणि वेळ कमी असेल तर काय सोडून द्यायचं. सोडून द्यायला सांगण्याचं धाडस ज्या लेखकात आहे, त्याच्यावर माझा विश्वास बसतो.

दुकानात गेलीस की दोन-तीन पुस्तकं हातात घे आणि प्रत्येकात एकच जागा काढ: रावेन्नातली गाला प्लाचिदियाची समाधी. पाचव्या शतकातली ही छोटीशी वास्तू बाहेरून अगदी साधी, विटांची आहे. खिडक्यांना काचांऐवजी अ‍ॅलाबास्टर दगडाचे पातळ तक्ते आहेत, त्यांतून मधाच्या रंगाचा मंद उजेड आत येतो. उन्हातून आत शिरलं की आधी काळोखच दिसतो. डोळे सरावले की मग गडद निळ्या छतावरचे सोनेरी तारे दिसू लागतात. गर्दीच्या मोसमात आत जेमतेम पाच मिनिटं थांबू देतात. म्हणजे हे सगळं आत जाण्याआधी माहीत असायला हवं, नाहीतर निम्मा वेळ अंधारात चाचपडण्यात जातो. जे पुस्तक नुसतं ‘अप्रतिम मोझेइक, अवश्य पाहा’ एवढंच लिहितं, ते खाली ठेव. जे उजेडाबद्दल बोलतं, त्याचा लेखक खरोखर तिथे उभा राहिलेला आहे. शेजारच्या सान व्हिताले चर्चचंही पान बघ. सम्राट जस्टिनियन आणि सम्राज्ञी थिओडोरा तिथे समोरासमोरच्या भिंतींवर लवाजम्यासह उभे आहेत, पण ते दोघं स्वतः रावेन्नाला कधीच आले नव्हते. मग त्यांची चित्रं तिथे कशासाठी, हे सांगणारं पुस्तक हवं.

गाइडबुकांचा धंदा ज्याने नावारूपाला आणला तो कार्ल बेडेकरही असाच स्वतः जागेवर जाऊन बघत असे. जर्मनीतल्या कोब्लेंझ गावी 1827 साली त्याने पुस्तकांचं दुकान काढलं. भाडोत्री वाटाड्यांवाचून प्रवाशाला स्वतःच्या पायांनी हिंडता यावं, ही त्याची इच्छा. मिलानच्या कॅथीड्रलच्या छतावर चढताना तो पायऱ्या मोजण्यासाठी एका खिशातले वाटाणे दुसऱ्या खिशात टाकत होता, अशी गोष्ट सांगतात. त्याच्या पुस्तकांच्या इंग्रजी आवृत्त्या सांभाळणारे म्युरहेड बंधू पहिल्या महायुद्धामुळे त्या कामातून सुटले आणि 1918 पासून त्यांची ब्लू गाइड मालिका सुरू झाली. कला आणि इतिहास यांसाठी माझा कौल आजही तिलाच आहे. एकेका चर्चमधलं चित्र कोणत्या भिंतीवर, कोणत्या कोपऱ्यात आहे इथपर्यंत ती नेऊन सोडते. वाचायला जड आहे, हे खरं.

ताईसाठी डीके आयविटनेसचं पुस्तक चाळायला छान. इमारत कापून आतली रचना दाखवणारी त्यातली चित्रं बघूनच माणूस अर्धा तयार होतो, मजकूर मात्र तोकडा आहे. पहिल्यांदाच स्वतःच्या जबाबदारीवर जाणाऱ्याला रिक स्टीव्हज सर्वांत उपयोगी. या अमेरिकन लेखकाची मतं ठाम असतात, रांग कशी टाळायची ते तो नीट सांगतो आणि गल्लीगल्लीतून हाताला धरून नेतो. त्याने न निवडलेल्या गावांबद्दल मात्र तिथे फारसं मिळत नाही. लोनली प्लॅनेट आडवाटांना, पाठीवर पिशवी टाकून निघणाऱ्यांना बरं. तुमची ही सहल तशी नाही.

आवृत्ती ताजी आहे का, हे ओळखायला रोमचं पँथिऑनचं पान उघड. जुलै 2023 पासून तिथे पर्यटकांना तिकीट लागतं. प्रवेश मोफत असं छापलं असेल तर ती प्रत परत ठेव, कारण मग बाकीच्या वेळा आणि दरही जुनेच असणार. मिलानमधलं लिओनार्दोचं ‘लास्ट सपर’ पाहायला पंधरा मिनिटं मिळतात आणि तिकीट बरंच आधी काढावं लागतं. फ्लॉरेन्सचं उफिझी सोमवारी बंद असतं, व्हॅटिकनची संग्रहालयं महिन्यातला शेवटचा रविवार सोडून बाकी रविवारी. या गोष्टी ठळकपणे, सुरुवातीलाच सांगणारं पुस्तक घे.

आणि ताईच्या शाकाहारी जेवणाचं. ही पुस्तकं बहुतेक इंग्रज-अमेरिकन लेखकांची. मांसाचा तुकडा दिसला नाही की पदार्थ शाकाहारी, असं त्यांतले काही सहज लिहून जातात. मिनेस्त्रोने सूप पुष्कळदा मांसाच्या पाण्यात शिजवतात आणि पार्मेजान चीज बनवताना वासराच्या जठरातलं रेनेट वापरतात. खाण्याच्या प्रकरणात याचा उल्लेख आहे का, ते ताईला स्वतःला वाचायला दे. काय चालेल आणि काय नाही हे तिचं तिनेच ठरवावं.

तेव्हा रिक स्टीव्हजचं नवं पुस्तक विकत घे. ब्लू गाइड माझ्याकडे आहे, जुनं आहे पण भिंतींवरची चित्रं काही हललेली नाहीत. पुढच्या रविवारी येऊन घेऊन जा. रावेन्ना आणि फ्लॉरेन्सची प्रकरणं निघण्याआधी दोघींनी मिळून वाचा. वेळा आणि तिकिटांचे दर मात्र त्यातले बघू नका.

तुझी,
सुमामावशी