दीड मिलिमीटरचा हिशेब

लिओ फेंडर शिक्षणाने हिशेबनीस होते. मंदीच्या काळात नोकरी गेली, तेव्हा १९३८ मध्ये ६०० डॉलर उसने घेऊन त्यांनी कॅलिफोर्नियातील फुलर्टन येथे रेडिओ-दुरुस्तीचे दुकान थाटले. पुढे जगप्रसिद्ध इलेक्ट्रिक गिटारी घडवणाऱ्या या गृहस्थांना स्वतः गिटार वाजवता येत नसे. ही उणीव त्यांनी ग्राहकाचे म्हणणे लक्षपूर्वक ऐकून भरून काढली. १९५० मध्ये त्यांनी बाजारात आणलेल्या गिटारीच्या घोडीवर दोन-दोन तारांना मिळून एक, असे तीनच आधार होते. वादकांना ही भागीदारी मानवेना. १९५४ च्या स्ट्रॅटोकास्टरमध्ये सहा तारांना सहा स्वतंत्र आधार मिळाले आणि प्रत्येक आधाराला उंचीचे दोन बारीक स्क्रू. जणू प्रत्येक तारेचे खाते निराळे उघडले गेले.

या उंचीला महत्त्व आहे. तार पडद्यांपासून फार वर असली, तर ती दाबताना बोटे दुखतात आणि स्वरही किंचित चढतो. फार खाली आली, तर ती कंप पावताना पडद्यांवर घासून खरखरते. बाराव्या पडद्यापाशी जाड तारेखाली सुमारे २ आणि सर्वांत बारीक तारेखाली सुमारे १.५ मिलिमीटर अंतर बहुतेकांना सोयीचे पडते.

मात्र स्क्रूला हात लावण्यापूर्वी गिटारीची मान तपासावी. तार सुरात लावून पहिल्या व शेवटच्या पडद्यावर एकाच वेळी दाबली असता मध्यभागी कागदाएवढी फट दिसावी. फट मोठी असेल किंवा मुळीच नसेल, तर मानेतील ट्रस रॉडचे काम जाणकाराकडे सोपवावे. मान ठीक असल्यास तार थोडी सैल करून दोन्ही स्क्रू सारखेच, पाव-पाव फेरा फिरवावेत. पुन्हा सूर लावून मोजावे आणि प्रत्येक पडद्यावर वाजवून पाहावे.

हौसेने आणलेली कितीतरी वाद्ये महिन्या-दोन महिन्यांत कपाटावर जातात. मुलाच्या अंगी चिकाटी नाही, असा निवाडा घरात सहज दिला जातो, आणि मूलही तो खरा मानते. तो देण्यापूर्वी एकदा पट्टी घेऊन तारेची उंची मोजावी. अनेकदा दोष मुलाचा नसतो. तार तेवढी मिलिमीटरभर उंच असते.