थांबलेली जागा



रमाबाई रानडे यांचे 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' हे पुस्तक आपल्यापुढे आहे. न्यायमूर्ती रानडे १९०१ साली निवर्तले. पुस्तक १९१० साली प्रसिद्ध झाले. लग्न झाले त्या वेळी, १८७३ साली, रमाबाई अकरा वर्षांच्या होत्या. पतीने शिकवायला आरंभ केला आणि घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांचा रोष ओढवला, हे आपण वाचले असेलच.

एक कबुली देतो. पुण्यातील अभ्यासकेंद्रावर समंत्रक म्हणून काम करताना पहिली काही वर्षे मी या पुस्तकावरची उत्तरे सरळ सांगून टाकत असे. विद्यार्थी उतरवून घेत. संपर्कसत्रे रविवारची, मंडळी आठवडाभर राबून आलेली. चर्चेला वेळ कुठला, अशी मी माझीच समजूत घालत होतो.

एका रविवारी सहज विचारले, ''वाचताना तुम्ही कुठे थांबलात?'' एक तरुण विद्यार्थी म्हणाला, ''घरातल्या बायकांच्या बोलण्यापाशी. बायकाच बायकांच्या शत्रू, सर.'' हे वाक्य तयार होते, त्याने ते कुठल्याशा गाईडमधून आणले असावे. मी पुढे सरकणार, इतक्यात मागच्या बाकावरून एक बाई बोलल्या. त्या पोळीभाजी केंद्रात काम करीत. वर्षभरात प्रथमच त्यांचा आवाज ऐकला.

''मला आधी रमाबाईंचाच राग आला. एवढं ऐकून घेतात, उलट बोलत नाहीत. पण मीसुद्धा स्वाध्याय घरी कुणी नसताना लिहिते. आणि त्या घरात विधवा नणंद होती ना? तिला कुणी शिकवायला बसवलं का? भावजय दिवा लावून वाचते, हे रोज बघायचं तिनं.''

वर्ग गप्प झाला. मीही. इतकी वर्षे त्या नणंदेकडे मी केवळ विरोधक म्हणून पाहत होतो. सुधारकाच्या घरातही सुधारणा एका खोलीत पोहोचली आणि शेजारच्या खोलीत पोहोचली नाही, हे मला दिसले नव्हते. त्या तरुणाने पुन्हा वाद घातला. दुःख असले म्हणून टोमणे योग्य ठरत नाहीत, असे त्याचे म्हणणे. तेही खोटे नव्हते. उरलेला तास त्यातच गेला, दुसरा घटक राहून गेला. (तो पुढे घाईत उरकावा लागला, हेही सांगायला हवे.)

तेव्हा आपल्याला विनंती इतकीच, की सारांश आणि टीपा नंतर पाहाव्यात. प्रथम मूळ पुस्तक वाचावे. जिथे राग आला, अडखळायला झाले किंवा स्वतःचे घर आठवले, तिथे कागदाची खूण घालावी आणि त्या जागी का थांबलो, ते दोन ओळींत लिहावे. पुस्तकात कोणाला बोलू दिलेले नाही, हेही पाहावे. पुढील सत्राला येताना ते पुस्तक खुणेसह आणावे. सुरुवात तिथूनच करू.