खड्यांची बाटली

चि. बाळ यास अनेक उत्तम आशीर्वाद.

सूनबाईच्या पित्ताशयात खडे निघाले असून पुढील महिन्यात काशीतच दुर्बिणीने शस्त्रक्रिया करण्याचे ठरले, हे तुझ्या पत्रावरून कळले. ऑपरेशन साधेच आहे, तुम्ही येण्याची तसदी घेऊ नये, असे तू लिहितोस. नेमके हेच शब्द गतवर्षी मामीच्या वेळी मी तुझ्या आईस लिहिले होते, म्हणून हे पत्र जरा लांबणार.

शब्द खोटे नव्हते. १८८२ साली बर्लिनमध्ये लांगेनबुख यांनी पित्ताशय प्रथम काढले ते पोट उघडून. १९९० साली मुंबईस जे. जे. रुग्णालयात डॉ. उदवाडिया यांनी ते दुर्बिणीतून काढले, आणि आता माणसे दोन-तीन दिवसांत घरी येतात, तशी तुझी मामीही आली. इस्पितळाने खडे एका बाटलीत घालून दिले होते. भेटीस येणारा प्रत्येकजण ती बाटली खुळखुळवून पाही आणि आपल्या कोणा आत्याचा खडा याहून मोठा होता, हे सांगून चहा घेई. ज्या पिशवीत ते खडे इतकी वर्षे पोसले गेले ती कोठे गेली, हे मात्र कोणी विचारले नाही, मीही नाही.

ती प्रयोगशाळेत गेली होती. अकराव्या दिवशी तिचा अहवाल आला, आणि मामलेदार कचेरीत एकतीस वर्षे कारकुनी करताना ज्याने एकही कागद शेऱ्यावाचून दप्तरी दाखल होऊ दिला नाही, त्या तुझ्या मामाने तो लिफाफा, बिलाची नक्कल असावी अशा समजुतीने, चार दिवस न फोडता पंचांगाखाली ठेवला. अखेर सर्जनांचाच फोन आला.

सोनोग्राफीत जे दिसले नव्हते ते सूक्ष्मदर्शकाखाली दिसले: कर्करोग. आतल्या अस्तरापुरता असता, तर पिशवी काढल्यानेच काम भागले असते. तो स्नायूच्या थरात उतरला होता, आणि या अवयवाची भिंत मुळात पातळ, एका अंगाने यकृताला चिकटलेली. मुंबईस स्कॅन झाले, सहाव्या आठवड्यात पुन्हा शस्त्रक्रिया करून लगतचा यकृताचा भाग व लसिकाग्रंथी काढल्या. त्यांत काही निघाले नाही. पहिल्या सर्जनांनी पित्ताशय फाटू न देता थैलीत घालून बाहेर घेतले होते, पित्त पोटात सांडले नव्हते, याचे मोल मला तेथे उमगले.

हे शंभरांत एखाद्याच्या वाट्यास येते, कोठे त्याहूनही कमी. सूनबाईस भिववू नकोस. परंतु तुम्ही गंगाकाठचे, आणि त्या पट्ट्यात, विशेषतः स्त्रियांत, हा रोग इकडच्या मानाने पुष्कळ अधिक. शिवाय वरून निरोगी दिसणारे पित्ताशय तपासणीवाचून टाकून देण्याचा प्रघातही काही ठिकाणी आहे. तेव्हा ते तपासणीस जाणार ना, हे आधीच विचार, अहवालाची मुदत लिहून घे, आणि टाके सुकले म्हणजे प्रकरण निकालात निघाले असे समजू नकोस. लिफाफा त्याच दिवशी फोड.

मामी बरी आहे. दर तीन महिन्यांनी मुंबईस दाखवून येतो. बाटली अजून फडताळात आहे. टाकून दे, असे मी दोनदा म्हटले. ती म्हणते, असू द्या.

शस्त्रक्रियेची तारीख उलट टपाली कळव. मी येणार आहे. कळावे, हे आशीर्वाद.

तुझा,
मामा