थंड डोकें

नागपुरांत ‘कूलर’ म्हटलें, कीं खिडकींतली पत्र्याची मोठी पेटी, तिच्या वाळ्याच्या ताट्या आणि घोंघावणारा पंखा हेंच डोळ्यांपुढें उभें राहतें. हा शब्द आतां आणखी एका वस्तूला लागू झाला आहे. प्रोसेसर म्हणजे संगणकाचें डोकें. आणि तें थंड ठेवणाऱ्या उपकरणालाहि कूलरच म्हणतात. डोकें तापलें, कीं माणसाचें काम बिघडतें, तसें यंत्राचेंहि बिघडतें. फरक इतकाच, कीं यंत्राला कोरडा उपदेश करून भागत नाहीं.

आमच्या घरांत हा प्रश्न निघाला तो पुतण्याच्या ओव्हरक्लॉकिंगमुळें. कारखान्यानें नेमून दिलेल्या वेगाहून अधिक वेगानें प्रोसेसर पळविणें, ह्याला तें नांव आहे. नाद तसा जुना. इंटेलचा ३०० मेगाहर्ट्‌झचा ‘सेलेरॉन ३००ए’ हा स्वस्त प्रोसेसर ४५० मेगाहर्ट्‌झवर खुशाल चालतो, असें हौशी लोकांना १९९८ सालींच आढळून आलें होतें. पुतण्याला मात्र हा वेग हौसेसाठीं नव्हे, पोटासाठीं हवा आहे. तो जाहिरातींची चलच्चित्रें करतो, आणि त्यांची शेवटची जुळणी संगणक रात्रभर करीत बसतो. ठरल्या दिवशीं काम गेलें नाहीं, तर पुढलें काम मिळत नाहीं. परंतु त्याच्या टेबलापासून चार हातांवर माझे वडील निजतात. त्यांचें वय ८३. झोप एकदां मोडली, कीं पहांटेपर्यंत परत येत नाहीं.

वाढीव वेग फुकट मिळत नसतो. वेग वाढवावयाचा, तर विजेचा दाबहि बहुधा वाढवावा लागतो. उष्णता वेगाच्या प्रमाणांत वाढते आणि दाबाच्या वर्गाच्याहि प्रमाणांत वाढते. दोन्ही शेंकडा १० नीं वाढविले, कीं उष्णता शेंकडा ३३ नीं वाढते. इतकें जबर व्याज सावकारहि मागावयाचा नाहीं!

ही उष्णता काढावयाची, तर लहान पंखा तावातावानें फिरवितां येईल. पण त्याचा आवाज घर डोक्यावर घेईल. पंख्याचा वेग निम्मा केला, तर हवा निम्मी होते. आवाज मात्र सुमारें १५ डेसिबेलनीं उतरतो. म्हणून शहाणपण मोठा पंखा संथ फिरविण्यांत आहे. दुसरा मार्ग पाणी खेळविणाऱ्या कूलरचा. अतिशय तापणाऱ्या प्रोसेसरला तो उपयोगी पडतो, हें खरें. पण पाणी उष्णता नुसती वाहून नेतें. शेवटीं पत्रे आणि पंखे लागतातच, आणि वर पंपाची कुरकुर.

आम्हीं निवडला तो ऑस्ट्रियाच्या नॉक्टुआ कंपनीचा ‘एनएच-डी१५’. २०१४ सालीं निघालेला हा कूलर १६५ मिलिमीटर उंच आणि वजनानें सव्वा किलोहून अधिक आहे. संगणकाच्या पेटीची रुंदी आधीं मोजून घ्यावी, नाहीं तर झांकण लागावयाचें नाहीं! त्याचे १४० मिलिमीटरचे दोन पंखे पूर्ण वेगांतहि २४.६ डेसिबेलच्या वर जात नाहींत, असें कंपनी सांगते. मला अधिक कौतुक वाटलें तें त्याच्या तांब्याच्या सहा नळ्यांचें. ह्या नळ्या भरीव नसतात. हवा काढून घेतलेल्या नळींत थोडेंसें पाणी असतें. प्रोसेसरपाशीं त्याची वाफ होते व ती उष्णता उचलते. पत्र्यांपाशीं निवून तिचें पुन्हां पाणी होतें, आणि वातींतून तेल चढावें तसें तें आंतल्या सच्छिद्र अस्तरांतून परत येतें. माठांतलें पाणी गार होतें तें ह्याच न्यायानें, हें ऐकून वडीलहि खूष झाले.

तथापि वैशाखापुढें कोणाचेंच चालत नाहीं. असा कूलर प्रोसेसरला खोलीहून थंड करूं शकत नाहीं. प्रोसेसर खोलीपेक्षां ६० अंशांनीं अधिक तापत असेल, तर २२ अंशांच्या खोलींत तो ८२ वर राहील. आमच्या ३८ अंशांच्या खोलींत ९८ वर जाईल. इंटेलचे पुष्कळसे प्रोसेसर १०० अंशांना आपण होऊनच वेग आवरतात. तेव्हां उन्हाळ्यापुरता वाढीव वेग सोडावा, असें मीं सुचविलें. पुतण्यानें क्षणभर हिशेब केला आणि म्हणाला, “काका, दहा तासांचें काम अकरा तासांत होईल. संध्याकाळीं तासभर आधीं लावीन, झालें!”

त्या एका तासांत मला पुष्कळ कांहीं दिसलें. वेग कोणीहि घ्यावा. त्याची किंमत मात्र ज्याची त्यानें द्यावी. ती शेजारच्या खाटेवरील झोपेंतून वसूल होऊं नये, एवढ्यासाठींच हा सारा तांब्याचा आणि पत्र्यांचा खटाटोप.