सुरतेच्या झडपा आणि काही समजुती

मराठी घरांना सुरत ठाऊक असते ती बहुधा दोन कारणांनी. एक शिवाजी महाराजांच्या १६६४ आणि १६७० च्या स्वाऱ्या, आणि दुसरे तेथील घारी. मान वर करून सुरतेच्या खिडक्या पाहणारा प्रवासी विरळाच. आम्ही मात्र तेथे गेलो की चौक बाजारातील किल्ल्यापासून गोपीपुऱ्यात आणि पुढे नानपुऱ्याकडे पायीच जातो. आमलीरानात कवी नर्मदांचे घर महापालिकेने जपले आहे. त्याच्या आसपासच्या शेऱ्यांतून जुन्या लाकडी घरांच्या झडपा अजूनही दिसतात. दर खेपेस त्या थोड्या कमी झालेल्या असतात.

शब्दांचीही येथे एक गंमत आहे. आपली ‘खिडकी’ गुजरातीत ‘बारी’ होते, आणि आपण ‘बारी’ म्हणतो ती डोंगरातल्या खिंडीला. उलट गुजरातीतली ‘खडकी’ म्हणजे घरांच्या समूहाला असलेली सामाईक वेस. दोन शेजारणींनी एकमेकींची भांडी नेऊन परत करताना अदलाबदल करावी, तसे हे झाले आहे.

या झडपांविषयी समजुती पुष्कळ. कोणी त्या मुघल अमदानीतल्या म्हणून दाखवतो, तर कोणी साहेबाने आणलेल्या म्हणून. पहिल्याला १८३७ सालाचा विसर पडलेला असतो. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये सुरतेत लागलेल्या आगीत हजारो घरे भस्मसात झाली, आणि त्याच वर्षी तापीला महापूर आला. जुन्या शहरातील लाकूडकामाचे वय सांगताना हे साल ध्यानात ठेवलेले बरे. दुसऱ्याचे म्हणणे अर्धेच खरे. तिरप्या पट्ट्या आणि त्या उघडमीट करणारी मधली उभी काठी, ही घडण युरोपीय वळणाची आहे. फ्रेंच भाषेत अशा झडपेला जे नाव आहे त्याचा मूळ अर्थ मत्सर! परंतु उन्हाळी मुलखात खिडकीला लाकडी दारे लावण्यासाठी कोणा साहेबाची वाट पाहण्याचे कारण नव्हते.

झडपा आत का उघडतात, याचेही असेच. पडदा पाळण्यासाठी, असे उत्तर हमखास मिळते. वास्तविक चौकटीत लोखंडी गज बसवले की फळी बाहेर ढकलता येतच नाही. ती आतच उघडावी लागते. शिवाय शेरी इतकी अरुंद की बाहेर उघडलेली फळी येणाऱ्याजाणाऱ्याच्या कपाळाला लागावी. पडद्याची सोय निराळीच होती. फळीचे वर आणि खाली असे दोन भाग करीत. खालचा मिटला की बाहेरची नजर थांबे, वरचा उघडा ठेवला की वारा खेळे. चोराला अडवण्याचे काम गजांचे, झडपांचे नव्हे.

आता मुख्य गोष्टीकडे वळतो, कारण तिच्यापायी आज घरोघरी पैसा खर्च होत आहे. अडाजण, अठवा या भागांतील नव्या सदनिकांत काचेच्या खिडकीच्या आत पट्ट्यांच्या झडपा बसवण्याची हौस वाढली आहे. आमच्या परिचयाच्या एका खानदेशी कुटुंबाने त्या पश्चिमेच्या खोलीत बसवल्या. घरच्या सूनबाई आम्हांला म्हणाल्या, “काका, झडपा मिटल्या, तरी खोली तापतेच. दुकानदार तर म्हणाला होता, ऊन अडेल.”

ऊन अडले होते. उष्णता अडली नव्हती. सूर्यप्रकाश काचेतून आत येतो, पट्ट्या तापतात, आणि तापलेल्या पट्ट्यांची ऊब काचेतून बाहेर सहजी जात नाही. पट्ट्या पांढऱ्या असतील तर थोडा प्रकाश परत जातो, एवढेच. ऊन काचेवर पडण्यापूर्वीच अडवले तर गोष्ट वेगळी. जुन्या घरात काचच नव्हती, हे आपण विसरतो. तेथे झडप हीच खिडकी होती.

सुरतेला तर याचे विशेष महत्त्व. हे शहर कर्कवृत्ताच्या दक्षिणेस, सुमारे २१ अंशांवर. मे महिन्यात मध्यान्हीचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, म्हणून दक्षिणेच्या खिडकीला छज्जा पुरतो. खरा जाच पश्चिमेचा, दुपारी कलत्या उन्हाचा. आणि खंबातच्या आखाताकडून येणारा वाराही त्याच बाजूचा! वैरी आणि पाहुणा एकाच दाराने येणार. तिरप्या पट्ट्यांनी हा पेच सोडवला होता: ऊन बाहेर, वारा आत. बाहेरून काच लावून घेतली की त्या पट्ट्या निव्वळ पडदा ठरतात.

सरकत्या खिडकीचा प्रकार त्याहून वाईट, असे आमचे मत आहे. दोन पट्ट्यांवर सरकणारी दोन तावदाने कधीही निम्म्याहून अधिक उघडत नाहीत. म्हणजे पैसे पूर्ण खिडकीचे आणि वारा अर्ध्या खिडकीचा.

‘सागाला कीड लागत नाही’ हेही अर्धसत्यच. ती गाभ्याची कीर्ती आहे. बाहेरचे फिकट लाकूड वाळवी खाते. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणाचे पाणी सोडल्यावर शहराचा मोठा भाग बुडाला होता. अशा पाण्यात चुऱ्यापासून दाबून केलेल्या फळ्या फुगून फुटतात, तर गाभ्याचा साग सावलीत सावकाश वाळवला की बहुधा पुन्हा चौकटीत बसतो. तापीपलीकडे रांदेर आहे. तेथील व्यापाऱ्यांचा रंगूनशी मोठा संबंध होता. तेथील जुन्या हवेल्या पाहिल्या म्हणजे चांगल्या सागाचे वय कसे दिसते ते कळते. मात्र घर पाडताना अशा झडपा भंगाराच्या भावाने जातात. ज्यांच्या वडिलार्जित घरात त्या असतील त्यांनी सुताराला बोलावून आधी बिजागऱ्या आणि खालच्या कडा तपासून घ्याव्यात. सडतात त्या कडा, आणि तेवढ्याच बदलता येतात.

सूनबाईंच्या खोलीत आता काचेबाहेर, छज्जाखाली, बांबूची चिक सोडलेली आहे. दुपारी ती खाली असते, काच उघडी असते, आणि आतल्या महागड्या झडपा भिंतीकडे दुमडलेल्या असतात.