डिस्कच्या फटीचे दहा हजार

एकाच यंत्राची दोन खोकी आणि मधे दहा हजारांचा फरक. नाशिकच्या एम. जी. रोडवरच्या दुकानात मी दोन्ही खोकी उलटसुलट करून वाचली. दोन्हींवर प्लेस्टेशन फाइव्ह लिहिलेलं, आतली चिप तीच, रिमोटही तोच. एकाची किंमत 54,990 रुपये, दुसऱ्याची 44,990.

"काकू, महागवाल्याला डिस्क टाकायला फट आहे. स्वस्तवाल्यात गेम डाउनलोडच करावे लागतात," दुकानातला मुलगा म्हणाला. एवढ्याशा फटीचे दहा हजार? सोबत आलेल्या भाच्याकडे पाहिलं, तर त्याला यात काहीच वावगं वाटत नव्हतं.

पिंपळगावच्या एका द्राक्ष पॅकहाउसमध्ये मी हिशेब बघते. बागेतला भाव, पॅकिंग, शीतगृह, कंटेनर, समोरच्या देशाचं शुल्क असं एकेक चढत किंमत कशी तयार होते, ते माझ्या रोजच्या कामातलं. बांगलादेशानं द्राक्षांवरचं आयात शुल्क वाढवलं तेव्हा इकडच्या बागायतदारांचे हाल जवळून पाहिलेत. या खोक्याची किंमत मात्र कुठल्याच रकान्यात बसेना. मग मी वाचत गेले, भाच्याला विचारत गेले.

पहिला धक्का बसला तो तोट्याचा. 2006 मध्ये प्लेस्टेशन थ्री अमेरिकेत आला. त्याच्या मोठ्या मॉडेलची किंमत 599 डॉलर होती. आयसप्लाय नावाच्या संस्थेनं ते यंत्र उघडून आतल्या भागांचा आणि जोडणीचा खर्च काढला, तो 840 डॉलर भरला. म्हणजे प्रत्येक खोक्यामागे प्लेस्टेशन बनवणाऱ्या सोनीच्या खिशातून पैसे जात होते. असा धंदा चालतो तरी कसा?

"मावशी, अगं ते पैसे गेममधून काढतात," भाचा म्हणाला. ते खरंच आहे. कंपनीच्या ऑनलाइन दुकानात दुसऱ्या कुणाचा गेम विकला गेला, तरी साधारण 30 टक्के कंपनीकडे राहतात. यंत्र एकदाच विकलं जातं, गेम पुढे कित्येक वर्षं विकले जातात. 2021 च्या ऑगस्टमध्ये सोनीनं सांगितलं की 499 डॉलरचा डिस्कवाला प्लेस्टेशन फाइव्ह आता तोट्यात नाही; बिनडिस्कवाल्यातला तोटा इतर विक्रीतून भरून निघेल. हे वाचलं आणि एम. जी. रोडवरची दोन खोकी मला पहिल्यांदा नीट दिसली. फट नसलेल्या यंत्राला दुकान एकच, कंपनीचं. गेम तिथूनच घ्यायचा, ती म्हणेल त्या भावानं. खेळून झाल्यावर तो विकता येत नाही आणि मित्रालाही देता येत नाही, कारण आपल्या हाती असतो तो फक्त वापराचा परवाना. दहा हजारांची सूट याच मोबदल्यात मिळते.

किमतीचा आकडा या धंद्यात किती मोठं हत्यार असतो, ते 1995 मध्ये अमेरिकेतल्या ई थ्री प्रदर्शनात दिसलं. सेगा या प्रतिस्पर्धी कंपनीनं आपला सॅटर्न हा कन्सोल, म्हणजे असंच गेमचं यंत्र, 399 डॉलरला जाहीर केला. त्यानंतर सोनीचे स्टीव्ह रेस मंचावर आले, प्लेस्टेशनची किंमत म्हणून "299" एवढंच बोलले आणि खाली उतरले. 2001 मध्ये सेगानं कन्सोल बनवणं सोडलं. त्याला कारणं बरीच होती, पण त्या एका आकड्याची चर्चा आजही होते.

तेव्हा यंत्रं जुनी झाली की स्वस्त व्हायची. प्लेस्टेशन टू 2000 मध्ये अमेरिकेत 299 डॉलरला आला आणि 2009 मध्ये 99 वर उतरला. आता उलटं झालंय. 2020 चा 499 डॉलरचा प्लेस्टेशन फाइव्ह ऑगस्ट 2025 मध्ये अमेरिकेत 549 चा झाला. आपल्याकडेही तो 2 फेब्रुवारी 2021 रोजी 49,990 ला आला आणि 2022 च्या नोव्हेंबरमध्ये पाच हजारांनी वाढला. "थांब, पुढच्या वर्षी स्वस्त होईल," असं मी भाच्याला सांगत होते. त्याला आधार उरला नाही.

आपल्या किमतीत सरकारचा वाटाही मोठा आहे आणि तो मला सर्वांत जास्त खटकतो. 2018 च्या अर्थसंकल्पात कन्सोलवरचं सीमाशुल्क 10 वरून 20 टक्के झालं. त्यावर अधिभार धरून 22. मग या सगळ्या बेरजेवर 18 टक्के जीएसटी. शंभराचा माल बंदरातून बाहेर पडेपर्यंत जवळजवळ 144 चा होतो. 499 डॉलर म्हणजे 2021 च्या सुरुवातीच्या दरानं साडेछत्तीस हजार रुपये. आपण 49,990 का मोजत होतो, ते यातून बरंचसं उलगडतं. हे शुल्क कुणाला वाचवतं? प्लेस्टेशनच्या तोडीचं यंत्र बनवणारा कारखाना तर आपल्याकडे मला दिसत नाही.

यंत्रं इथे महाग असली किंवा मिळतच नसली, की नुकसान मात्र इथल्या लोकांचं होतं. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं 'राजी' हा गेम केला. त्यात दुर्गा आहे, विष्णू आहे, राजस्थानी वाड्यांसारखी दृश्यं आहेत. ऑगस्ट 2020 मध्ये तो सर्वांत आधी आला निन्टेंडो स्विचवर, आणि ते यंत्र निन्टेंडोनं भारतात अधिकृतपणे विकायला आणलेलंच नव्हतं. इथे ते मिळायचं ते बाहेरून आणलेलं, कंपनीच्या वॉरंटीशिवाय. पुण्यात घडलेला खेळ नाशिकच्या पोराला दुकानातून घेऊन खेळता येईना, याचं मला मनापासून वाईट वाटलं. ऑक्टोबरमध्ये तो इतर यंत्रांवर आला. भाच्याच्या यादीत तो पहिला आहे.

आम्ही फटवालं खोकं घेतलं. दुकानातला मुलगा जुन्या डिस्क परत घेतो, थोडे पैसे भरले की दुसरी देतो. भाच्याच्या वर्गातल्या दोघांकडे हेच यंत्र आहे. एकानं एक घ्यायचा, दुसऱ्यानं दुसरा, असं त्यांचं ठरलंय. मोठ्या कंपनीचा एखादा नवा गेम 4,999 रुपयांना पडतो. तिघांनी मिळून घेतला तर एकेकाच्या वाट्याला सतराशेही येत नाहीत. तीन-चार गेममध्ये जादा मोजलेले दहा हजार तिघांचे मिळून वसूल होतील.